कापसाला मोजून पाणी

आमच्या ऑफिसात रिपोर्ट कमी आणि किस्से जास्त साठतात. अहमदपूरला आम्ही दोघंच: मी आणि ठिबकच्या नळ्या बसवणारे उदगीरचे रफिकभाई. काम काय, तर कमी पाण्यात, कमी खतात, कमी विजेत कापूस कसा पिकवायचा हे गावोगाव सांगत फिरायचं. एकदा करून बघा!

*

व्यंकटरावांच्या रानात पहिलं ठिबक बसवलं. काही दिवसांतच फोन, "लवकर या!" जाऊन बघतो तर तहानलेल्या रानडुकरांनी नळ्या चावून चोथा केलेला. मी मटकन बांधावर बसले.

रफिकभाई म्हणाले, "म्याडम, नाराज कशाला? आपले लाभार्थी वाढले!"

*

बालाजीला बजावलं होतं, युरिया निम्माच टाक. माणूस शब्दाचा पक्का. पुढच्या फेरीला बघते तर कापूस काळपट हिरवा, नुसता पाल्यावर गेलेला, बोंडं नावाला, तुडतुड्यांच्या किडीनं भरलेला.

"बालाजी, निम्माच टाकलास ना?"

"हाव म्याडम, निम्माच. उरलेला बापानं टाकला. तुमी मला सांगितलं, त्याला कुठं सांगितलं?"

*

सोलर पंपाचं तर विचारूच नका. तोही व्यंकटरावांकडेच बसवला. नारळ फुटला, पेढे वाटले. आणि आभाळ जे झाकोळलं! ऊनही नाही, पाऊसही नाही. ऊन पडलं तोवर बोअर आटलेलं. मी भीत भीत फोन केला, "पंप चालतो का?"

"लई भारी चालून राहिलाय! निस्ती हवा टाकून राहिलाय."

फोन स्पीकरवर होता. रफिकभाईसुद्धा हसले नाहीत.

*

आणि सुमनबाई. नवऱ्यामागं एकटीनं रान सांभाळणारी. आम्ही सांगितलेलं सगळंच्या सगळं करणारी ती एकटीच. पाणी किती वाचतं हे बघायला तिच्या रानात मीटर बसवलं होतं. झाडं बोंडांनी अशी लगडली की नांदेडहून पाहुणे फोटो काढायला आले. "माझं रान बघाया पहिल्यांदाच कुनी आलं," असं म्हणत ती प्रत्येकाला चहा देत होती.

वेचणी तोंडावर आली आणि पाऊस जो लागला तो थांबेचना. ओढ्याचं पाणी रानात शिरलं. रस्ता सुरू झाल्यावर आम्ही पोचलो. गुडघाभर पाणी. बोंडं काळी पडलेली, बोंडातल्या सरकीला कोंब फुटलेले. रफिकभाईंनी मान फिरवली.

सुमनबाईनं लुगडं खोचलं, पाण्यात हात घालून चाचपत मीटर शोधलं. तिथंच उभी राहून ती म्हणाली,

"म्याडम, पानी किती वाचलं ते बघाया आलात नं? या, बघा."