बकरी लांबच्या वाटेनं का येते

ही गोष्ट मी कितीतरी प्रशिक्षणांत सांगितली आहे — अर्धी. उरलेली अर्धी नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, कुणालाच नाही. तुम्हाला सांगते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, बोरी अरबच्या पुढच्या एका गावात. दुसरीच्या वर्गात रोज एक गोष्ट वाचायची, मध्येच थांबायचं आणि विचारायचं — असं का झालं? कशावरून? सहकारी हसायचे. ‘मॅडम, गोष्टी सांगून पाढे येतात का?’ नाही येत. पण डोकं चालायला लागतं, हे मी तेव्हाही छातीठोक सांगत होते आणि आजही सांगते. माझी चूक वेगळी आहे. ती गोष्टींच्या माथी मारू नका.

तालुक्याहून साहेब हा गोष्टीचा तास बघायला येणार होते. मी यादी केली — मी प्रत्येक कामाची यादी करते. नऊ प्रश्न, नऊ उत्तरं, प्रत्येक उत्तरासमोर एका मुलाचं नाव. तीन दिवस घोकून घेतलं. स्वतः विचार करा म्हणणारी बाई मुलांकडून विचार पाठ करून घेत होती! पण खरं सांगू? हीसुद्धा ती चूक नव्हे. एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते.

गोष्ट एका बकरीची होती. घराकडे जवळची वाट आहे, तरी ती रोज लांबच्या वाटेनं येते. का? माझ्या यादीतलं उत्तर — जवळच्या वाटेवर कुत्रा आहे, ती भिते. हे सार्थकनं सांगायचं होतं. त्याच्या आधी पल्लवी उभी राहिली. सात वर्षांची, घरी चार बकऱ्या, यादीत नाव नाही.

‘थे भेत नाही मॅडम. कुत्रा तं बांधून हाय, चित्रात पाहा ना! तिचं पिल्लू त्या विहिरीपाशच्या घरी इकलं होतं न, म्हणून थे तिकून येते. त्याचा आवाज आयकाले.’

साहेबांनी चष्मा वर सारला. तिच्याकडे नीट बघू लागले. ते खडूस होते, मला घाई होती — असलं काही म्हणायची सोय नाही. त्यांनी ऐकलं असतं. मीच हसले. आणि म्हणाले — तिच्यासमोर, सगळ्या वर्गासमोर — ‘साहेब, ही जरा मंद आहे. लक्ष नका देऊ.’

ती खाली बसली. सार्थकनं कुत्र्याचं उत्तर दिलं. साहेबांनी शेरा चांगला लिहिला.

शाळा सुटल्यावर मी पुस्तक उघडलं. चित्रात कुत्र्याच्या गळ्यात दोर होता, दोर खुंट्याला. पिल्लू विकल्याचं तिसऱ्या पानावर, एका ओळीत. किती वेळा वाचलं होतं मी ते पुस्तक! मला दिसलं नाही. तिला दिसलं. जे घडावं म्हणून मी सगळ्यांशी भांडत होते, ते माझ्या वर्गात, माझ्यासमोर घडलं — आणि मी त्याला मंद म्हटलं.

दुसऱ्या दिवशीच्या यादीत लिहिलं : ‘पल्लवीशी बोलणे.’ राहिलं. पुढच्या दिवशी पुन्हा लिहिलं. राहिलेली कामं मी नव्या यादीत उतरवते. हे काम मी मार्चपर्यंत उतरवत राहिले. मग नवीन वही घेतली, आणि त्यात उतरवलं नाही. विसरले? छे. मी काही विसरत नाही.

पल्लवीनं वर्गात परत कधी हात वर केला नाही. विचारलं तर म्हणायची, तुम्हीच सांगा मॅडम.

आणि मी? प्रशिक्षणात तिचं उत्तर सांगू लागले. ‘माझ्या वर्गातली मुलगी असं म्हणाली!’ लोक टाळ्या वाजवतात. यवतमाळला एका तरुण शिक्षिकेनं तर डोळे पुसले. त्या उत्तरावर माझं नाव झालं. पुढचं वाक्य मी गाळते.

गेल्या महिन्यात बाजारात ती भेटली, आईबरोबर. अठरा वर्षांची झाली आहे. मी विचारलं, बारावी झाली, आता पुढं काय ठरवलंस? ती छान हसली. ‘तुम्हीच सांगा ना, मॅडम.’

आई भाजीची पिशवी सावरत म्हणाली, ‘काही इचारा, हेच म्हणते पोट्टी. उद्या पाहुणे पाहाले आले, पोरगा पसंत हाय का इचारलं, तं त्याइलेच म्हणन — तुमीच सांगा!’

दोघी हसल्या. मीही हसले. तेव्हा बोलता आलं असतं — ती समोर होती, वेळ होता. मी मेथीची जुडी घेतली आणि निघाले.

गोष्टीचा तास मी बंद करणार नाही. उद्याही आहे. प्रश्न काढले आहेत, उत्तरं लिहिलेली नाहीत. त्यानं पल्लवीचं काही परत येत नाही, हे मला कळतं. ती मंद नव्हती. मी खोटं बोलले, ते खोटं आहे हे त्याच संध्याकाळी मला कळलं, आणि अकरा वर्षं मी ते तिच्याकडेच राहू दिलं.