एक सवारी बाकी

ऑफिसात काम साचलं की किस्से साचतात, आणि आमच्या ऑफिसात काम दोन वर्षं साचलेलं आहे. हिंगणा रोडवर एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर आम्ही पाच जण एक गेम बनवतो. मंगळावरचं युद्ध, वसाहती, डावपेच वगैरे. मी टेस्टर. म्हणजे दिवसभर गेम खेळायचा आणि चेहरा गंभीर ठेवायचा.

या युद्धातलं आमचं ब्रह्मास्त्र म्हणजे ‘गरुड’ नावाची गनशिप. चार तोफा, आठ सैनिकांची जागा. कामठीहून रोज शेअर ऑटोने येणाऱ्या मोरेश्वरने ती एकट्याने बनवली. आमचे मालक देवतळे सर यांनी त्याला स्पष्ट सांगून ठेवलं होतं: पुण्याच्या प्रकाशकांना गरुड पटली नाही तर ती गेममधून जाईल, आणि तिच्यामागोमाग तूही!

*

गरुड पहिल्यांदा उडाली, ती इतक्या सावकाश की पोहोचेपर्यंत युद्ध संपलं होतं. आपणच हरलो होतो.

सरांनी शांतपणे विचारलं, “मोरेश्वर, हे विमान आहे का बंडी?”

बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. मोरेश्वरने आठवडाभर खपून वेग वाढवला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आजही त्या फाइलचं नाव ‘बंडी फायनल खरंच फायनल’ असं आहे.

*

मग ती उडेचना. शत्रू दारात, तळ पेटलेला, सात सैनिक आत बसलेले, आणि गरुड ढिम्म. मी बग म्हणून नोंदवलं. सर तणतणत आले.

“काहून उडून नाही राहिली हे?”

“एक सवारी बाकी आहे, सर,” मोरेश्वर म्हणाला.

आठ जागा भरल्याशिवाय गरुड निघत नाही, असा नियमच त्याने कोडमध्ये घातला होता. रोज कामठीच्या ऑटोत जे सोसतो ते त्याने मंगळावर नेलं. वर सरांनाच विचारतो, “सवारी भरल्याशिवाय कोणती गाडी निघते, सर?”

डेमोच्या आधी हे काढून टाक, असं सरांनी बजावलं.

“काढून राहिलो, सर.”

*

इथे बाहेरच्यांसाठी एक खुलासा. आमच्याकडे ‘करून राहिलो’ म्हणजे करतो आहे. हा झाला व्याकरणाचा अर्थ. प्रत्यक्षात फोनवर ‘येऊन राहिलो’ म्हणणारा माणूस घरी चप्पल शोधत असतो.

वैमानिकाचा आवाज द्यायला कोणी मिळेना, म्हणून मोरेश्वरने स्वतःचाच दिला. गरुडवर क्लिक केलं की तो भारदस्त आवाजात म्हणतो, “येऊन राहिलो.”

नमुना पुण्याला गेला. तिथले सबनीस म्हणजे प्रकाशकांचे परीक्षक, शुद्ध मराठीचे. त्यांचा लेखी शेरा आला: ‘विमान अजून पोहोचलेलं नाही, तरी वैमानिक येऊन राहिल्याचं सांगतो. तो कुठे राहिला? त्याची सोय कोणी केली?’

आम्ही पोट धरून हसलो. मोरेश्वर हसला नाही. तो उठून गॅलरीत गेला, आणि मला स्वतःची लाज वाटली.

*

शेवटी सबनीस स्वतः नागपूरला आले. दुसऱ्याच कामाला आले होते. विमानतळावर जाता जाता आम्हाला दहा मिनिटं दिली. गाडी खाली चालूच होती. चहा नको म्हणाले, बॅग मांडीवरच ठेवली आणि खेळायला बसले.

तळ पेटला. सबनीसांनी गरुडकडे सैनिक धाडले. सात चढले. आठवा दूरवरून लंगडत येत होता. गरुड ढिम्म. सरांनी मोरेश्वरकडे पाहिलं. मोरेश्वर भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याने अर्थातच काहीही काढलं नव्हतं.

सबनीसांनी क्लिक केलं.

“येऊन राहिलो.”

सरांनी डोळे मिटले. आठवा सैनिक पडला, उठला, पुन्हा चालायला लागला. सबनीसांनी मांडीवरची बॅग खाली ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. खालून ड्रायव्हर विचारत होता, साहेब, फ्लाइटची वेळ झाली, निघालात का?

सबनीसांनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

“येऊन राहिलो,” ते म्हणाले, आणि फोन पालथा ठेवला.