एकोणचाळीस नंबरची जागा

डबलचाचा माणसाला नाव विचारायच्या आधी विचारायचे, "डबल हाय का?" एसटीत शेजारी नवा माणूस बसला की हे ठरलेलंच. लोक गोंधळायचे. कुणी तिकीट दाखवायचं, कुणी सरकून बसायचं. चाचांना विचारायचं असायचं क्रिकेटच्या कार्डांचं. बबलगमच्या पुडीत निघायची ती. पुढून खेळाडूचा फोटो, मागं त्याच्या धावा आणि विकेटा, कोपऱ्यात नंबर. एकाच नंबरची दोन कार्डं असली की त्यातलं एक डबल, आणि डबल म्हणजे बदलून घ्यायचं. पन्नाशीचा, पांढऱ्या दाढीचा माणूस हे विचारतोय म्हणल्यावर लोक खिडकीबाहेर बघायला लागायचे.

लातुरात एका बोळात चाचांचं बाइंडिंगचं दुकान होतं. भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती आणि लातुरात आता दुसरंच काहीतरी हलत होतं. गल्लोगल्ली क्लास. मराठवाडाभरातले आईबाप पोरं आणून सोडत होते, आणि पोरांपेक्षा नोट्सची झेरॉक्स जास्त. ते गठ्ठे शिवून, पुठ्ठा चढवून द्यायचं काम चाचांचं. एक आड एक शनिवारी ते असले गठ्ठे नांदेडच्या क्लासवाल्यांना पोचवायला निघायचे. मी अर्धापूरचा, बारावीला लातुरात खोली करून राहिलेला. माझीही घरी जायची गाडी तीच.

पहिल्या दिवशी मी फिजिक्सचं गाईड उघडून बसलो होतो आणि आत कार्डं लावत होतो. चाचा बराच वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, "फिजिक्सच्या पोटात काय हाय रे?" मी गाईड मिटलं. ते हसले. पायाखालची पिशवी वर घेतली, दोरी सोडली आणि स्वतःचा अल्बम माझ्या मांडीवर ठेवला. "लाजू नको. आपण दोघंबी एकाच वर्गातले." मी केळीच्या बागांच्या अर्धापूरचा आहे कळल्यावर माझं नाव कायमचं केळेवाल्या पडलं.

अल्बम त्यांनी स्वतः बांधलेला. काळी जाड पानं, प्रत्येक कार्डाच्या चार कोपऱ्यांसाठी चार बारीक चिरा, कोपरे त्यात खोचायचे. गोंदाचा थेंब नाही. दिवसभर खळीत हात घालणारा माणूस कार्डाला मात्र खळ लावत नव्हता. "चिकटवलं की मेलं ते," म्हणायचे. "कार्डाला उठून जाता आलं पायजे. कुणाला लागलं तर?" पुढच्या खेपेला तसलाच एक छोटा अल्बम माझ्यासाठी घेऊन आले. मी किती झाले विचारलं, तर म्हणाले, "गप बस."

त्यांचा एक नियम होता. चालत्या गाडीत अदलाबदल नाही. अहमदपूरच्या स्टँडात गाडी थांबली की मगच. हा नियम कसा पडला तेही मी पाहिलंय. एकदा घाई केली आणि माझ्या हातातलं एक कार्ड वाऱ्यानं खिडकीबाहेर गेलं. चाचांनी उठून दोरी ओढली. घंटी वाजली, गाडी थांबली. कंडक्टर ओरडला, "काय झालं? पोरगं पडलं का काय?" चाचा उतरून ज्वारीच्या रानात. पाच मिनिटांनी धोतराला कुसळं लागलेल्या एका शेतकऱ्यालाही शोधायला लावून कार्ड घेऊन आले. मी बघितलं, तर आमच्या दोघांकडंही असलेलं, बिनकामाचं.

"चाचा, हे तर डबल हाय. ह्याच्यासाठी गाडी थांबवली?"

"आपल्याला डबल. कुणाचं तरी सिंगल असंल ना बेटा."

माझी पंचाईत अशी, की मला गप बसता येत नाही. मी लहानपणापासून नकला करतो. केमिस्ट्रीच्या सरांची, खाणावळवाल्या काकूंची, घंटीसकट कंडक्टरची. चाचांना सरांची नक्कल फार आवडायची. "ते इलेक्ट्रॉनवालं कर," म्हणायचे आणि समोरच्या सीटच्या दांड्यावर हात आपटून हसायचे. डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या. घरी माझ्या नकलांना मार मिळत होता, म्हणून मला शनिवारची गाडी घरापेक्षा जास्त आवडायची.

अल्बमच्या मधल्या पानावर एक जागा रिकामी होती. एकोणचाळीस नंबर, कुठल्याशा विकेटकीपरचा. साठातली एकोणसाठ झाली होती. पण तो संच खरा चाचांचा नव्हता, अप्पांचा होता. अप्पा म्हणजे औशाच्या पुढच्या एका गावातले किराणा दुकानदार, कपाळाला रोज विभूती, आणि चाचांचे जिवलग. चाचा पंचायतीची रजिस्टरं बांधायला त्या गावी जायचे, तिथून दोस्ती. अप्पा दुकानातली बबलगमची पुडी स्वतःच फोडायचे, कार्ड काढून घ्यायचे आणि कार्डाशिवायचं बबलगम पोरांना स्वस्तात विकायचे. "बायको म्हनायची, दुकान हाय का उंदराचं बीळ? सगळ्या पुड्या फुटलेल्या," चाचा सांगायचे. भूकंपात राहतं घर अप्पांवर पडलं. मातीतून बिस्किटाचा एक डबा निघाला, आत कार्डं. अप्पांच्या बायकोनं, अक्कांनी, डबा आपल्याकडे ठेवला आणि आतली कार्डं चाचांना दिली. म्हणाल्या, "हे तुमचं दोघांचं येड. पुरं करा." काही डबल तेवढी डब्यात राहू दिली. चाचा महिन्याला एकदा अक्कांना भेटायला जायचे आणि कितवं कार्ड मिळालं ते सांगायचे.

हे सगळं मला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

झालं असं की, खोलीवर माझा कार्डांचा अल्बम पोरांच्या हाती लागला. "बारावीला येऊन बबलगम खातंय बेणं!" आठवडाभर मला बबलगमच म्हणत होते. मला त्यातून सुटायचं होतं. मग मी त्यांना चाचांची गोष्ट सांगितली, म्हातारा कसा वेडा आहे ते. नक्कल करून. "डबल हाय का?" पोरं लोळली. मला बरं वाटलं, कारण आता हसणं माझ्यावरून त्यांच्यावर गेलं होतं. त्यातला एक म्हणाला, "लाव की त्याला फोन."

एसटीडी बूथमध्ये आम्ही चौघं घुसलो. चाचांच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे फोन होता, त्याला सांगून चाचांना बोलावून घेतलं. मी आवाज काढला धर्माबादच्या मोंढ्यातल्या, म्हणजे घाऊक बाजारातल्या, मिरचीच्या व्यापाऱ्याचा, तेलुगू वळणाचा, आपल्या 'जी'सारखं 'गारू' आणि 'अंडी' जोडणारा. हा आवाज मी चाचांना कधी ऐकवला नव्हता.

"बाइंडिंगवाले गारू का? मी धर्माबादून बोलतो अंडी, मोंढ्यातून. तुमाला एकोणचाळीस पायजे म्हणे?"

पलीकडून चाचांचा आवाज आला, लहान पोरासारखा. "हाय तुमच्याकडं? खरंच हाय?"

"हाय म्हणजे! सोमवारी या अंडी. मोंढ्यात कुणालाबी रेड्डी शेठ विचारा."

मला वाटलं, ते ओळखतील. नाही ओळखलं तरी एवढ्यासाठी कोण जातंय? पोरांनी मला खांद्यावर घेऊन खोलीपर्यंत नेलं.

पुढच्या शनिवारी चाचा गाडीत चढले तेव्हा डोळे अजून लाल होते. ते गेले होते. ऐन परीक्षेच्या हंगामात सोमवारी दुकान बंद ठेवून, नांदेडवरून पुढं धर्माबादला. मोंढ्यातली एक एक अडत पालथी घातली होती, मिरचीच्या खकाण्यात खोकत. रेड्डी तीन निघाले, कार्डवाला एकही नाही.

"बिचारा वाट बघून गेला आसंल," चाचा म्हणाले. "माझीच गाडी लेट झाली. फोन नंबर घ्यायचं बी सुचलं न्हाई मला, खुशीत. ह्या सोमवारी पुन्हा जाऊन येतो." आणि खिशातून कागदात गुंडाळलेलं एक कार्ड काढलं. अप्पांचं आवडतं डबल. "अक्काकडं जाऊन सांगून आलो ना, कार्ड सापडलं म्हणून. तिनं डब्यातून हे काढून दिलं. म्हनली, रिकाम्या हातानं जाऊ नका."

अहमदपूरच्या स्टँडात गाडी थांबल्यावर ते पिशवीची दोरी सोडायला लागले, तेव्हा म्हणालो, "चाचा, सोमवारी जाऊ नका. तो रेड्डी शेठ मी होतो."

ते हसले. "मस्करी नको करू."

"खरंच मी होतो."

"बोलून दाखव."

मी बोललो. "बाइंडिंगवाले गारू का... मी धर्माबादून बोलतो अंडी..." नक्कल इतकी हुबेहूब झाली की पुढच्या सीटवरची माणसं वळून खळखळून हसली. एकजण म्हणाला, "वा रे पट्ठ्या, अजून एक!" आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी माझ्या थोबाडीत द्यावी म्हणजे ते हसणं थांबेल. चाचांनी दोरी पुन्हा बांधली. गाठ मारायला त्यांना बराच वेळ लागला.

"अक्काला मी सांगनार न्हाई," एवढंच बोलले. "तू सांगायचं. उद्या घरून लवकर नीघ."

दुसऱ्या दिवशी आम्ही लातूरवरून औशाच्या पुढं गेलो. ते भूकंपानंतर वसवलेलं गाव. एका रांगेत एकसारखी घरं. अक्का दारात तूर निवडत बसल्या होत्या. मी सांगितलं. चाचा मागं उभे होते, त्यांनी एका शब्दाची मदत केली नाही.

अक्कांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "म्हंजे कार्ड न्हाईच तिथं?"

"न्हाई."

"बरं झालं. मिळालं आसतं तर ह्येंचं हिकडं येनं सुटलं आसतं." हे म्हणून त्या हसल्या, आणि मी वर बघितलं. मला वाटलं, सुटलो. तेव्हा त्या म्हणाल्या, "पर ह्येंनी सांगितलं तवा मी मालकाच्या फोटोला सांगून बसले ना रं. हार बी घातला. आता त्येला काय सांगू? तूच सांग."

आत भिंतीवर फोटो होता. हार अजून सुकला नव्हता. मला कुठलाच आवाज काढता आला नाही, माझा स्वतःचाही. अक्कांनी चाचांच्या हातून ते डबल घेतलं, डब्यात ठेवलं आणि झाकण अंगठ्यानं दाबून लावलं. मग चहा केला. कप भरून दिला मला, बिस्किटासकट. तो चहा मी अजून पितोय असं वाटतं कधी कधी.

त्यानंतर शनिवारच्या दोन-तीन गाड्या आम्ही सोबत केल्या. परीक्षा झाल्यावर माझं लातूर सुटलं, ते सुटलंच. चाचा रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते सरकून जागा द्यायचे, घरचं विचारायचे, केळीला भाव काय म्हणायचे, पेपर कसे गेले तेही विचारायचे. पिशवी पायाखाली असायची, बांधलेली. शेवटच्या खेपेला अहमदपूरच्या स्टँडात मीच माझा अल्बम काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. पाच नवी डबल होती माझ्याकडं, त्यांतली दोन चांगल्यापैकी. सगळी घ्या म्हणणार होतो, बदल्यात काही नको.

चाचांनी एक एक पान उलटून शेवटपर्यंत बघितलं. मग अल्बम मिटला, वरची धूळ हातानं पुसली आणि माझ्या हातात परत दिला.

"छान हायत," म्हणाले. "जपून ठेव."