आडनावाच्या तक्त्यात आत्या

आमचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. डहाणूच्या किनाऱ्यावर ज्यांना ते माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. त्या आडनावाच्या मागे मी तीन वर्षं घालवली, एवढं सांगितलं तरी पुरे. आणि ती घालवली, कारण भर मांडवात माझी फजिती झाली होती.

पुतण्याचं लग्न होतं. आमच्या घरात हळदीच्या दिवशी पितरांना आवतण देतात. घरातला वडीलधारा पुरुष नारळ हातात घेऊन समुद्राकडे तोंड करून उभा राहतो आणि एकेक नाव घेतो. गाणाऱ्या बायका ते नाव गाण्यात ओवून त्या माणसाला हळदीला बोलावतात. वडील गेल्यापासून हा मान माझा. मी वडलांचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं, पणजोबांचं घेतलं आणि थांबलो.

मुख्य गाणारीनं गाणं अर्ध्यावर थांबवलं. "पुढं?"

"समस्त पितर," मी म्हणालो.

"समस्त म्हंजे कोन? आवतन नावानं देतात. नाव नाय घेतलं तं ते येतील कसे?"

मांडवात हशा पिकला. मी जन्मभर एका तालुक्याच्या कचेरीत जुन्या दप्तरांच्या खोलीत नोकरी केली. दुसऱ्यांचे पणजोबा शोधून देणं हेच माझं काम. कुणाला जातीचा दाखला हवा असायचा, कुणाला वारस लावायचे असायचे. माणसं टेबलासमोर ताटकळायची आणि मी चष्मा पुसत सांगायचो, "कागद आणा. कागद नाही तर माणूस नाही." आणि माझे स्वतःचे पितर तिसऱ्या पायरीवर संपले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मग रिटायर झाल्यावर मी हात धुऊन त्यांच्या मागे लागलो. कुठे काय सापडतं ते मला ठाऊक होतंच. शाळेचं जनरल रजिस्टर, जन्ममृत्यूची नोंद असलेला गावनमुना चौदा, घराखालच्या जागेचे जुने फेरफार, होडीचे कागद. कागद संपले तेव्हा मी लोकांच्या माळ्यांवर चढलो. पितळेच्या हंड्यांवर लग्नातली नावं कोरलेली असतात, ती चिंचेनं घासून वाचली. आमच्या आडनावाच्या प्रत्येक घरात जाऊन मी त्यांच्या लग्नपत्रिकांचे गठ्ठे सोडले. बायको म्हणायची, "अहो, लोक आता तुम्हाला बघून दार लावून घेतात." घेऊ देत. मी जुन्या कॅलेंडरांची पानं जोडून त्यांच्या कोऱ्या पाठीवर मोठा तक्ता केला. सहा पिढ्या, बेचाळीस पुरुष. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं.

खरं सांगायचं तर यातली निम्मी नावं आत्यानं सांगितलेली होती. आत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची. लग्न झाल्यावर तीन वर्षांत सासर सोडून माहेरी आली ती कायमची. आजीची सुक्या मासळीची पाटी तिनं डोक्यावर घेतली आणि गुडघे जाईपर्यंत उतरवली नाही. मी ओट्यावर कागद पसरून डोकं खाजवत बसलो की ती अंगणातून, बोंबील उलटेपालटे करता करता सांगायची, "त्याचा भाऊ बी होता रे. वादळात गेला." मी शोधायचो आणि तो भाऊ नमुना चौदात निघायचा. मी त्याच्यापुढे नोंदीचं पान लिहायचो. आत्याचं नाव कुठेच लिहायचो नाही. कारण पुरावा कागदाचा होता, असं मी समजत होतो.

तक्ता पुरा झाला तेव्हा मी तो भिंतीवर लावला, घरच्यांना बसवलं आणि वाचून दाखवला. आत्या उंबऱ्याशी बसून ऐकत होती. मी संपवल्यावर तिनं विचारलं, "सगळं वाचलंस?"

"सगळं."

"मी कुठं हाय?"

मी तिला समजावलं. हा आडनावाचा तक्ता आहे. मुली लग्न होऊन जातात, आडनाव बदलतं, तिथे रेघ थांबते. तुझं नाव तुझ्या सासरच्या तक्त्यात असायचं.

"सासरी मी कती ऱ्हायली? तीन पावसाळे. तिथं मना कोन बोलावनार हाय? आनि तू म्हनतोस इथं बी नाय." ती जराही न रडता बोलत होती. "मंग मेल्यावर मी उभी कुठं ऱ्हाऊ?"

मी चिडलो. उत्तर नसलं की मी चिडतो, ही माझी जुनी खोड आहे. नियम मी केलेले नाहीत, वगैरे मी बरंच काही बोललो. 

दुसऱ्या दिवशी मी वडलांच्या नावाशेजारी पेन्सिलीनं रेघ काढली. आत्याचं आधारकार्ड काढून त्यावरचं नाव लिहिलं आणि मोठा उपकार केल्यासारखं तिला वाचून दाखवलं.

"ही कोन?" आत्या म्हणाली.

"तू. आणखी कोण?"

"ते नाव त्यांनी लग्नात ठेवलं. त्या नावानं तिथं मी काय काय ऐकलं ते मनाच ठावं. त्या नावानं आवतन दिलंस तं मी यायची नाय. आदीच सांगते."

"बरं, मग तुझं पहिलं नाव सांग, ते लिहितो."

आत्या म्हणाली, "बेचाळीस बाप्ये सोदून काडलेस ना? माजं एक काड." आणि गुडघ्यावर हात टेकून उठून गेली.

आमच्या घराण्यात राग वारसाहक्कानं येतो, त्याला फेरफार लागत नाही. मीही म्हटलं, काढतोच. तेव्हा लक्षात आलं की मला ते नाव माहीतच नाही. माझे वडील तिला बाय म्हणायचे. आम्ही भावंडं आत्या म्हणायचो, आमचं ऐकून आळीही आत्या म्हणायला लागली. तिला आत्या व्हायच्या आधी काही नाव असेल, हे साठी उलटेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

शाळेत ती गेलीच नव्हती, म्हणजे रजिस्टर बाद. जुन्या सहकाऱ्याला विनंती करून नमुना चौदा पुन्हा काढून घेतला. आजोबांच्या नावापुढे नोंद सापडली: मुलगी. बस. बारशाच्या आधी नोंद व्हायची, त्यामुळे नाव नसायचंच. तशा नोंदींच्या ढिगानं नकला मी स्वतःच्या हातानं दिल्या होत्या आणि कधी काही वाटलं नव्हतं. तिच्या लग्नाच्या हंड्यावर सासरचं नाव होतं. वाणगावला दिलेल्या थोरल्या चुलतबहिणीला फोन केला. ती आधी हसली. म्हणाली, "आत्याला कुठलं आलंय नाव?" मग म्हणाली, "खरंच रे. मलाही ठाऊक नाही."

महिना गेला. आत्या माझ्याशी बोलायची, जेवायला बस म्हणायची, पण तक्त्याचा विषय काढायची नाही. तिची तब्येतही त्या दिवसांत उतरत चालली होती. मी पाहत होतो आणि मला भीती वाटत होती. हे नाव तिच्याबरोबर गेलं तर ते सांगणारं जगात कुणी उरणार नाही.

शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, तलासरीकडच्या पाड्यावर जन्मभर पाटी नेली तिनं. त्यांना विचारा की."

"त्यांच्याकडे कसला कागद असणार?"

"कागद नाही, माणसं असतील," ती म्हणाली आणि आत गेली.

किनाऱ्यावरच्या बायकांची आतल्या पाड्यांतली घरं ठरलेली असत. जवळा, बोंबील द्यायचे, भात, नागली, वाल आणायचे. सासूनं आपली घरं सुनेला द्यायची. आजीच्या सासूच्या काळी हे सगळं पायी चालायचं, पुढे एसटी आली. माझी आई नोकरी करायची, तिनं पाटी घेतली नाही, म्हणून ती घरं आत्याकडे आली. एवढं मला ठाऊक होतं. पण ते माझ्या लेखी घराण्याच्या इतिहासात बसत नव्हतं.

मी आशागडपर्यंत रिक्षानं गेलो, पुढे गाड्या बदलत तलासरीला आणि तिथून पाड्यावर. आत्याच्या वयाची एक म्हातारी कुडाच्या भिंतीला टेकून वाल सोलत होती. मी नमस्कार करून माझं आडनाव सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मी पुन्हा सांगितलं, जरा जोरात.

"आडनावाला काय करू मी?" ती म्हणाली. "पाटी कोनाची ते सांग."

मी मोबाइलवर आत्याचा फोटो दाखवला. म्हातारीनं तो डोळ्यांजवळ नेला आणि एकदम हसली. हसत हसत एक नाव घेतलं. लगेच आत वळून सुनेला तेच नाव ओरडून सांगितलं, अगं, तिच्या घरचं माणूस आलंय.

इतकं साधं नाव होतं. मी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं.

मग तिनं सगळं सांगितलं. आमच्या घरातली पहिली पाटीवाली तिच्या आजीनं पाहिलेली. ती फार बडबडी. तिच्यानंतरची, म्हणजे माझी आजी, मापाला सढळ. आणि आजीचा पदर धरून येणारी ही पोर. "आम्ही दोघी सारख्याच वयाच्या. तिची आई तिला जी हाक मारी, तीच आम्ही मारू." मधे लग्न होऊन गेली आणि परत आली ती पाटी घेऊन. सासरचं नाव तिनं इथे कुणाला सांगितलंच नाही. म्हातारीला आमच्या घरातल्या एकाही पुरुषाचं नाव ठाऊक नव्हतं. बेचाळीसपैकी एकही नाही.

मला लाज वाटली. गुडघे जाईपर्यंत आत्या दर आठवड्याला इथे येत होती, आणि साऱ्या जगात फक्त या पाड्यावर तिला तिच्या नावानं कुणी हाक मारत होतं. गुडघे गेले तेव्हा मासळी विकणं बंद झालं, एवढंच आम्ही समजलो होतो. म्हातारीनं निघताना वालाची पुरचुंडी हातात दिली आणि म्हणाली, "तिला सांग, मी अजून हाय."

गाडीतच मी वहीत ते नाव शाईच्या पेनानं लिहिलं. पुढे कुठलंही आडनाव लावलं नाही. नोंदीच्या रकान्यात पाड्याचं नाव लिहिलं.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आत्या अंगणात पाठमोरी बसून वाळलेला जवळा सुपात घेत होती. हल्ली तिला दोनदा-तीनदा हाक मारावी लागते, तेव्हा कुठे ती मान वळवते. मी फाटकाच्या आत दोन पावलांवर उभा राहिलो. आत्या म्हणायला तोंड उघडलं आणि ते न म्हणता मी ते नाव घेतलं. मोठ्यानं नाही, नेहमीच्याच आवाजात.

"आली गो, आये!" ती म्हणाली.

सूप खाली ठेवून, गुडघ्यांना हात न लावता, ती उठली आणि वळली. मी समोर होतो, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून फाटकाकडे बघत होती. मी बाजूला झालो.