झेंड्यात भरायच्या पाकळ्या

पंचवीस जानेवारीच्या दुपारी आम्ही नवराबायको अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी हिरवे दाणे तोंडात टाकत होतो आणि ती माझ्या हातावर मारत होती. "अजी, टोपल्यात टाका. भाजी काय टरफलाची करू?"

मग तिनं शाळेचं आमंत्रणाचं कार्ड काढलं.

आमचा एकच पोरगा. फौजेत होता. सीमेवर गोळी लागून गेला, त्याला आठ वर्षं झाली. सक्करदऱ्याच्या ज्या शाळेत तो शिकला, तिथं दर सव्वीस जानेवारीला झेंड्याच्या घडीत झेंडूच्या पाकळ्या भरायचं काम त्याच्या आईचं. दोरी ओढली की त्या खाली पडतात. ती दर वर्षी जायची. मी एकदाही गेलो नाही.

"यंदा तरी चाला," ती म्हणाली.

"काहून? त्या मास्तराचं खोटं आयकाले? म्हणते, पोराचं लहानपणापासून देशासाठी मराचं सपन होतं. काही सपन नव्हतं वं. कळमन्याच्या बाजारात पोते वाहून माही पाठ वाकली, ते पाहून पोरगा भरतीले गेला. पगारासाठी गेला."

"गेला असन पगारासाठी. पण जखमी सोबत्याले आणाले वापस गेला, ते कोणत्या पगारात होतं?"

मी पुढची शेंग उचलली. "पाहू," म्हटलं.

संध्याकाळी भाजीला फोडणी देऊन ती ओट्यापाशीच खाली बसली. छातीत दुखते म्हणाली. ऑटो येईपर्यंत सगळं संपलं होतं. अंधार पडला म्हणून सकाळी घाटावर न्यायचं ठरलं.

आठ वर्षं मी मास्तरावर चिडलो, पण खरा राग माझ्यावरच होता. हमालाचा पोरगा होता म्हणून मेला, असं मला वाटायचं. देशासाठी गेला म्हटलं की बापाचा दोष हलका होतो. मला तो हलका करून घ्यायचा नव्हता. पण त्या नादात पोरानं स्वतःच्या मनानं जे केलं, तेही मी त्याच्याजवळून काढून घेतलं. ती मला हेच सांगत होती, आणि मी पाहू म्हटलं.

सकाळी सातला चपला घातल्या तर साळा आडवा आला. "भाऊजी, घरात मयत ठेवून कुठं चालले?"

"झेंड्याले."

"सुतक हाय जी! लोकं काय म्हणतीन?"

"म्हणू दे."

शाळेत मोठ्या बाईंना सांगितलं, ती काल गेली, मला सुतक आहे, हात लावला तर चालते का? बाईंनी पाकळ्यांचं ताट माझ्यापुढं धरलं. मी पाकळ्या भरल्या, घडी केली, दोरी आवळली. मास्तर हळूच म्हणाले, "बाबा, ही पोत्याची गाठ झाली. झेंडा उघडणार नाही." त्यांनी सोडली, सैल कशी बांधायची ते दाखवलं. मी पुन्हा बांधली.

झेंडा उघडला. पाकळ्या पडल्या. मास्तरांनी माईक घेतला आणि ते सपन पुन्हा सुरू केलं. मी हात पुढं केला. त्यांनी माईक दिला.

"पोरंहो, तो पगारासाठी गेला होता. त्यात लाज नाही. पण सोबत्याले आणाले तो वापस गेला. ते त्याले कोणी सांगतलं नव्हतं. यापुढं एवढंच सांगत जा."

टाळ्या वाजल्या. मी थांबलो नाही. घरी लोक खोळंबले होते. पोरानं धरायचं विस्तवाचं मडकं मी हातात घेतलं आणि तिच्या पुढं चालू लागलो.