आबांचे शाकाहारी मासे

बायकोचा रुसवा काढायला नवरे साडी आणतात, गजरा आणतात, फारच झालं तर देवदर्शनाला नेतात. पण त्यासाठी तळ्यातले मासे शाकाहारी करणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा सासरा होता.

आबांचं शेत एरंडोलजवळ. कडेला दगडाची जुनी खाण होती, तिच्यात बारमाही पाणी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आबांनी त्यात रोहू सोडले आणि ते लवकर पोसावेत म्हणून धुळ्याहून सुक्या मासळीच्या भुकटीची, म्हणजे कुटीची, पोती आणली. ठेवली कुठे, तर घरातल्या मागच्या खोलीत! नव्या गोष्टीच्या प्रेमात आबा गळ्यापर्यंत बुडत. कुटी हातानं कालवत, आल्यागेल्याला चिमूटभर हुंगायला देत. एस.टी.त ते बसले की शेजारची माणसं उठून जात आणि आबांना वाटे, लोक आपल्याला फार मान देतात.

मान देईनात त्या फक्त अक्का, म्हणजे आबांची बायको. त्या माळकरी. "घरमा एक तर मी, नही तर ती कुटी," एवढंच त्या म्हणाल्या. आबा हसले. दुसऱ्या दिवशी अक्का सोनगीरला भावाकडे निघून गेल्या. आबांनी पोती गोठ्यात हलवली, अंगाला बेसन चोळून आंघोळ केली आणि सोनगीर गाठलं. अक्कांनी दारातूनच नाकाला पदर लावला, पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला आणि आत गेल्या. आबा पाणी पिऊन परत आले.

"मासा बठ्ठं खास," म्हणजे मासा सगळं खातो, असं त्यांनी घरी जाहीर केलं. कुटी बंद झाली, शेंगदाण्याची पेंड सुरू झाली. तेवढ्यानं भागेना म्हणून सोयाबीन आणलं, कच्चंच भरडून घातलं. मासे खात, पण अंग धरेनात. मग कुणीतरी सांगितलं, आबा, ते कच्चं पचत नाही, भाजून घाला. झालं! घरात काडेपेटी कुठे असते हेही ज्यांना ठाऊक नव्हतं, ते आबा चुलीपुढे बसले. पहिल्या घाण्याचा कोळसा झाला. बहीण मदतीला गेली तर म्हणाले, "तू सरक पोरी, हाई मनं काम शे." भाजून, दळून, पेंडीत कालवून गोळे वळायचे आणि पाण्यात टाकण्याआधी स्वतः चाखायचे. शिवाय भेटेल त्याच्या नाकाखाली सदऱ्याची बाही धरायचे, "वास येस का?" मी शहरातून आलेला सोयरा, चहाचा कप हातात घेतोय तोवर बाही समोर आलीच.

आम्ही खूप हसायचो. पण संध्याकाळी तळ्याकाठी बसले की आबांचा आवाज उतरायचा. "तिना बिगर घर खावाले उठस," म्हणायचे आणि पाण्याकडे बघत राहायचे. माझं हसू तिथेच विरायचं.

शेवटी रोहूंनी अंग धरलं. ही बातमी सोनगीरला पोचली आणि एका दुपारी अक्का आल्या. तडक मागच्या खोलीत गेल्या, कोपरे हुंगून बाहेर आल्या. घरभर भाजक्या सोयाबीनचा खमंग वास होता. चुलीपुढच्या आबांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग पदर खोचला आणि त्यांच्या हातातलं उलथनं काढून घेतलं. त्या दिवसापासून भाजायचं अक्कांनी आणि गोळे वळायचे आबांनी.

अक्का आबांच्या आधी वारल्या. महिन्याभरानं धुळ्याचा कुटीवाला आला. म्हणाला, "आबा, आता घ्या की कुटी. नाक मुरडणारं कोण आहे?" आबांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. उलथनं पुन्हा त्यांच्या हातात आलं होतं.

आता आबाही नाहीत. कुठे काही भाजल्याचा खमंग वास आला की त्या दोघांच्या आठवणीनं जीव कासावीस होतो. आमची शेवटची भेट झाली तेव्हा मासे चारून आम्ही तळ्यावरून परतलो होतो. दारापाशी आबा थांबले. घरात कुणीच नव्हतं. त्यांनी बाही माझ्यापुढे धरली.

"वास येस का?"

"नाही, आबा."

तेव्हा कुठे त्यांनी उंबरठा ओलांडला.