नावेवरचे दोन हात

पेंटर काही मिळेना. नांदेडातले सगळे क्लासेसच्या पाट्या रंगवण्यात गुंतलेले, आमच्या जुन्या नावेकडे कोण बघतो? शेवटी घाटावर नाव उपडी घालून मीच खरवडायला बसलो. जुना रंग काढल्याशिवाय नवा धरत नाही. खाली पाणी शिरतं आणि लाकूड कुजतं. हे मला वडिलांनीच शिकवलं, आणि तेच पुढच्या टोकाच्या एका फळीला मला हात लावू देईनात.

त्या फळीवर माझ्या धाकट्या बहिणीचे दोन हात होते. आमच्यात मुलगी सासरी निघाली की दाराशेजारी कुंकवाचे हात उमटवते. पण आमची भिंत मातीची, दिवाळीला पोतेरं फिरलं की संपलं. म्हणून वडिलांनी तिला घाटावर आणून लाल ऑइलपेंटचा डबा पुढे केला होता. नवरीचे तळवे कितीतरी दिवस लालच होते म्हणे.

तिचं सासर औशाच्या पलीकडे. त्याच वर्षी रात्रभर आम्ही याच नावेतून गणपती बुडवले आणि पहाटे तिकडे भूकंप झाला. आम्ही पोचेपर्यंत गावाने पुष्कळांना एकाच चितेवर जाळलं होतं. तिचं तोंडसुद्धा दिसलं नाही. तेव्हापासून दर उन्हाळ्यात वडील ते हात तेवढे सोडून नाव रंगवून घेत आले.

यंदा फळीवर बोट दाबलं तर आतच गेलं. माझं डोकं फिरलं.

"फळी कुजून गेली ही! विसर्जनाला माणसं बसत्यात हिच्यात, बुडवायचीत का?"

"न्हाई काढायची," वडील म्हणाले. "येकदा जाळली की तिला. आता हितनंबी उकरून काढू का?"

तेवढ्यात माझी मुलगी चहा घेऊन आली. ती लातूरला क्लासला निघायच्या तयारीत होती. आमचं भांडण ऐकून तिने सहज त्या लाल हातावर आपला हात ठेवला. तिची बोटं चांगली पेरभर बाहेर आली.

"पप्पा, आत्याचे हात माझ्याहून बारके होते?"

वडील उठून आले. तिचा हात धरून त्यांनी पुन्हा नीट त्या ठशावर ठेवला.

"कितवीला हायस गं तू?"

"दहावी झाली की, आजोबा."

ते तिथंच खाली बसले. इतकी वर्षं आम्ही भूकंपाला शिव्या घालत होतो.

"लेकरू होतं रे ते," ते मला म्हणाले. "मीच धाडलं तिकडं. काढ ती फळी. बघवंना मला."